सावरटेकच्या नाकवाल्या

तुम्ही खोटं लिहिलंत.

चौकशी अहवालाचं एकोणिसावं पान काढा. चष्मा लावा आणि तुमचंच वाक्य वाचा: ‘स्वयंपाकीण इंदू तांबट हिने वायुगळतीच्या स्पष्ट दुर्गंधाकडे दुर्लक्ष करून शेगडी पेटवली.’ एका ओळीत दोन बायकांचं मरण तुम्ही तिसरीच्या डोक्यावर ठेवलंत आणि जेवायला गेलात. दुर्गंध स्पष्ट होता म्हणता. कोणाच्या नाकाला? तेवढंच लिहायचं राहिलं. राहिलं नाही, गाळलं. म्हणून सगळं पहिल्यापासून सांगावं लागतंय. ऐकायची सवय तुम्हाला नाही, पण ऐका.

सावरटेक हे खानदेशातलं शिशाचं गाव. शिसं इथे निघत नाही, इथे आणून टाकलं गेलं. चाळीस वर्षांपूर्वी अर्ध्या देशातल्या ई-रिक्षांच्या मेलेल्या बॅटऱ्या इथे यायच्या, कुऱ्हाडीने फुटायच्या, उघड्या भट्टीत वितळायच्या. पुढे भट्ट्या विझल्या, मालक गेले, शिसं मात्र राहिलं. मातीत राहिलं, विहिरीत राहिलं, भिंतीच्या पोपड्यांत आणि पोरांच्या हाडांत राहिलं. सातवीतली मुलं सहा आणि सात मिळवायला बोटं मोजायची आणि मध्येच कुठलं बोट धरलं होतं ते विसरायची.

मग नळाच्या पाण्यातून निर्विष आलं.

निर्विष म्हणजे एक रेणू, माणसाने मुद्दाम घडवलेला. शिशाचा अणू शरीरात हिंडतो तेव्हा त्याने दोन इलेक्ट्रॉन गमावलेले असतात. ती उणीव भरायला तो दिसेल त्याच्या गळ्यात पडतो: रक्ताच्या, मज्जातंतूंच्या, मेंदूच्या. निर्विषच्या रेणूला सहा हात असतात. प्रत्येक हाताच्या टोकाला नायट्रोजनचा किंवा गंधकाचा अणू, आणि त्याच्यापाशी इलेक्ट्रॉनांची एक मोकळी जोडी. धातू समोर आला की सहाही हात आपापली जोडी पुढे करतात, धातू मध्ये बसतो आणि मूठ मिटते. खेकड्याच्या नांगीत सापडलेलं जसं सुटत नाही तसा तो सुटत नाही. लघवीवाटे मुठीसकट बाहेर जातो. गावाने या रेणूला नाव ठेवलं ‘पंजा’.

पंजाने काम केलं. हे खरं आहे आणि ते नाकारायचा करंटेपणा इथे कोणी करणार नाही. तीन वर्षांत मुलांचे डोळे बदलले. पुढे मथुराबाई तांबट यांची नात बकुळ आठव्या वर्षी एकोणतीसचा पाढा उलटा म्हणायची, आणि ऐकताना आजीच्या डोळ्यांना पाणी यायचं.

मथुराबाईंचा नवरा तांबट होता. सावरटेकमधला शेवटचा. त्याने हाताने ठोकलेला एक मोठा हंडा घरात होता आणि नळाचं पाणी आधी त्या हंड्यात पडायचं, सकाळी त्यातलं प्यायचं, अशी घराची रीत होती. निर्विष सुरू झाल्यावर पाचव्या वर्षी तुमचं पत्रक आलं. ‘तांब्या-पितळेच्या भांड्यांत नळाचे पाणी साठवू नये. निर्विषची शक्ती कमी होते.’ रेशन दुकानावर लागलं, शाळेवर लागलं. मागोमाग टेम्पो आला. हंडे घेत होता, बदल्यात पांढरे प्लॅस्टिकचे पिंप देत होता.

मथुराबाई हंड्यावर जाऊन बसल्या.

“आजी, उठा. सरकारी काम आहे,” टेम्पोवाला म्हणाला.

“माझ्या नवऱ्याने ठोकलाय हा. एकेक घाव त्याच्या हातचा आहे. न्यायचाच तर मला आत बसव आणि दोघांना ने.”

टेम्पोवाल्याने पिंप दारात ठेवलं आणि पळ काढला. घरात दोन पाणी झाली. सून इंदू शाळेत पोषण आहार शिजवायची. नोकरीच्या नियमाप्रमाणे तिला आणि बकुळला पिंपातलं पाणी, सासूला हंड्यातलं.

त्यानंतर सहा महिन्यांत गावात हिंगाची भांडणं सुरू झाली. गिऱ्हाइकं डब्या परत आणू लागली: वासच नाही, भेसळ आहे. दोन वाण्यांना लोकांनी दुकानाबाहेर ओढलं. हिंग तपासायला पाठवला तर शुद्ध निघाला. तेव्हा लोक म्हणाले, तपासणाऱ्यालाही चारलं असेल.

“इंदे, हे वरण आहे की हिंगाचा काढा?” मथुराबाईंनी ताट सरकवलं.

“आत्याबाई, चिमूटभर तर घातलाय.”

“चिमूट कोणाची, हत्तीची? तुझ्या फोडणीने पलीकडच्या गल्लीतली म्हैस शिंकली.”

“अख्खी डबी संपली तरी वास म्हणून येत नाही. लसूणही हल्ली तसलाच. तुम्हाला माझ्या हातचं आवडत नाही, एवढं सरळ सांगा ना.”

“आवडायला ते तोंडात तर गेलं पाहिजे!”

सासू खोडसाळ आहे, अशी इंदूची खात्री झाली. सून मुद्दाम करते, अशी सासूची. शेजारणी दोन्हीकडून मजा घेत होत्या. या स्वयंपाकघरात एक वैज्ञानिक निरीक्षण रोज दोनदा ताटात वाढलं जात होतं, आणि सगळे त्याला सासू-सुनेचं भांडण म्हणत होते.

पत्रकाला चार वर्षं झाली त्या फेब्रुवारीत, एका मंगळवारी, इंदू चष्मा घरी विसरली. पावणेअकराला मथुराबाई तो द्यायला शाळेत गेल्या. फाटकातच त्यांच्या नाकात वास घुसला.

गॅसला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात गंधकाचं एक घाणेरडं संयुग मुद्दाम मिसळतात, कुजक्या कोबीसारखं. मथुराबाई पदर नाकाला लावून धावल्या. “गॅस! इंदे, आग लावू नको!”

मुख्याध्यापक पाचपोळ सर व्हरांड्यात आले. त्यांनी मान वर करून दोनदा हुंगलं. वाईट माणूस नव्हता तो. “मावशी, कुठे काय येतंय? मला तर काहीच नाही.”

डाळ निवडत बसलेली चंद्रकला हसली. “इंदे, तुझ्या सासूचं नाक आता शाळेपर्यंत पोचलं बघ.” तिच्या शेजारच्या नूरीने तोंडावर ओढणी धरली आणि तीही हसली.

इंदूला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी तिने प्रामाणिकपणे तीनदा श्वास ओढून पाहिला. टाकीपाशी जाऊन वाकून पाहिला. काही नाही. “आत्याबाई, घरी काय बोलायचं ते बोला. इथे माझी नोकरी आहे.”

तिने लायटर उचलला. मथुराबाईंनी तिचा पदर धरून सगळ्या ताकदीनिशी दाराकडे ओढलं.

तेवढ्यात खटका दाबला गेला आणि स्वयंपाकघर उडालं. त्या ओढण्याने इंदू वाचली, पण दोन्ही हात कोपरापर्यंत गेले जळून. चंद्रकला आणि नूरी भिंतीच्या बाजूला होत्या, त्या गेल्या. मुलं वर्गात होती म्हणून वाचली.

तुमची समिती बसली. अध्यक्ष मथुराबाईंशी फार गोड बोलले.

“आजीबाई, वास किती लांबून आला?”

“फाटकापासून.”

“म्हणजे पन्नास पावलं?”

“साठ.”

“चांगला उग्र होता?”

“डोकं फिरवणारा. म्हणून तर ओरडले!”

“लिहून घ्या,” अध्यक्ष कारकुनाला म्हणाले.

मथुराबाईंना वाटलं, आपण सुनेला वाचवतोय. दीड महिन्याने अहवाल आला. साठ वर्षांच्या म्हातारीला साठ पावलांवरून येणारा वास टाकीशेजारी उभ्या तरुण स्वयंपाकिणीला आला नाही, हे पटत नाही, असं त्यात होतं. इंदूवर गुन्हा दाखल झाला. इस्पितळात बकुळचे केस विंचरायला तिला हात नव्हते, आणि तिच्या खाटेशी पोलीस बसला होता. सासूच्या तोंडची साक्ष सुनेच्या गळ्यात दोरीसारखी पडली होती.

मथुराबाई त्या दिवशी जेवल्या नाहीत. हंड्यासमोर बसून राहिल्या. इंदू खोटं बोलत नव्हती, हे त्यांनी तिच्या तोंडावर पाहिलं होतं. एकच घर, एकच चूल, एकच भाकरी. फरक होता तो पाण्याचा. आणि तांबटाच्या बायकोला आणखी एक गोष्ट कितीतरी वर्षं खटकत होती: हंडा आतून घासावाच लागत नव्हता. पाणी भरून ठेवलं की सकाळी आतला काळपट थर गेलेला, चिंचेने घासल्यासारखी झळाळी. बूड तर बोटाने दाबलं की लवायला लागलं होतं. त्यांनी हंड्यातलं पाणी पांढऱ्या बादलीत ओतून उन्हात नेलं. पेल्यात ते पांढरंच दिसायचं. भरल्या बादलीत निळसर दिसलं.

बादली घेऊन त्या एस.टी.ने तालुक्याच्या कॉलेजात गेल्या; तालुक्यालाही पाणी निर्विषचंच. निम्मं पाणी वाटेत सांडलं. रसायनशास्त्राच्या डॉ. नसरीन तडवी निर्विष घडवणाऱ्या चमूत होत्या, हे सगळ्या जिल्ह्याला माहीत होतं. सावरटेकमध्येच जन्मलेली बाई. धाकटा भाऊ शिशाने खुळा झालेला पाहिला आणि त्या रागातून शिकलेली.

“हा रंग कुठून आला ते सांगा,” मथुराबाई म्हणाल्या. “औषध तुमचं आहे.”

डॉक्टरांनी बादलीत पाहिलं. बादली खिडकीच्या उजेडात सरकवली. “मावशी, हे पाणी कशात ठेवलं होतं?”

“तांब्याच्या हंड्यात.”

“शक्यच नाही,” त्या म्हणाल्या, पण मथुराबाईंना नाही, बादलीला. मग फळ्याशी जाऊन त्यांनी पाच रेघा मारल्या. “हे बघा. तांब्याचे दोन इलेक्ट्रॉन गेले की त्याच्या बाहेरच्या पाच फळ्यांवर नऊ उरतात. एका फळीवर दोन मावतात. म्हणजे किती जागा?”

“दहा. एक मोकळी.”

“बरोबर. तांबं एकटं असलं की पाचही फळ्या एका उंचीवर. पण पंजाने त्याला धरलं, त्याच्या इलेक्ट्रॉनांच्या जोड्या जवळ आल्या, की फळ्या खालीवर होतात. समोर आलेल्या फळ्यांना जास्त रेटा बसतो, त्या वर चढतात. आणि मोकळी जागा सगळ्यात वरच्या फळीवर राहते. खालचा इलेक्ट्रॉन तिथे उडी मारायला बघतो. उडीला ताकद लागते, ती तो उजेडातून घेतो. उजेडातला तांबडा भाग तो खातो. उरतो तो निळा.”

“आणि शिसं?”

“शिशाच्या त्या फळ्या गच्च भरलेल्या. उडी मारायला जागा नाही. पंजात शिसं असलं तर पाणी पांढरंच राहतं.” त्यांचा खडू थांबला. “हे निळं आहे म्हणजे पंजात तांबं आहे. नुसतं पाणी तांब्याला सोडवू शकत नाही, मावशी.”

“ताक सोडवतं की,” मथुराबाई म्हणाल्या. “कल्हई नसली की ताक कळकतं. आमच्या ह्यांचं सगळं आयुष्य त्यावर गेलं. तुमच्या नळाचं पाणी ताकासारखं वागतंय, एवढंच ना?”

डॉक्टर खुर्चीत बसल्या. “ताकातलं आम्ल म्हणजे दुबळा पंजा. आमचा हजारोपट चिवट. पण आम्ही तपासलं होतं हो. दोन हजार माणसांच्या रक्तातलं तांबं. जागच्या जागी होतं.”

मथुराबाईंनी कनवटीतून लसणाची कुडी काढली, टेबलावर वाटीच्या बुडाने ठेचली आणि त्यांच्या नाकाखाली धरली.

“जुना दिसतोय लसूण,” डॉक्टर म्हणाल्या.

“सकाळी उपटलाय.”

तेव्हा डॉक्टरांनी लसूण हातात घेऊन पुन्हा हुंगला आणि टेबलावर ठेवला. पुढचं त्यांना कोणी सांगायची गरज नव्हती. गंधकाचे वास ओळखायला नाकात वेगळी सोय असते: वास पकडणाऱ्या प्रथिनाच्या तोंडाशी तांब्याचा एक अणू. लसूण, हिंग, कुजकं अंडं, गॅस, सगळ्यांतला गंधक आधी त्या तांब्याशी क्षणभर बंध जोडतो आणि मग मेंदूला निरोप जातो. रक्तातलं तांबं प्रथिनांच्या घड्यांत खोल दडलेलं असतं, तिथे पंजा पोचत नाही. नाकातलं तांबं उंबऱ्यावर उभं असतं. ज्याचं कामच धरायचं आणि सोडायचं, त्याला घट्ट बांधून कसं ठेवणार? पंजाने त्याला अलगद उचललं. गुलाब येत होता, चंदन येत होतं, माती येत होती. त्यामुळे आपलं काही गेलंय, हे एकालाही कळलं नाही. आणि ज्यांच्या घरी हंडा होता त्यांच्या पाण्यातले पंजे आधीच तांब्याने भरून जात होते. भरली मूठ दुसऱ्याचं काय उचलणार?

डॉक्टरांनी पिंपाचं पाणी सोडलं, मथुराबाईंच्या हंड्यातलं सुरू केलं. तेविसाव्या दिवशी त्या प्रयोगशाळेचं दार उघडून आत गेल्या आणि उलट्या पावली ओरडत बाहेर आल्या. क्षारांतलं शिसं नि तांबं ओळखायचा प्रयोग चालू होता. कुजक्या अंड्याच्या वासाचा विषारी वायू नळीतून गळत होता आणि वीस मुलंमुली त्या ढगात उभी राहून कालच्या क्रिकेट सामन्यावर बोलत होती.

“मावशी, मी हे समितीपुढे मांडते,” त्या संध्याकाळी त्या म्हणाल्या. “पण एक ऐका. तुमचं रक्त तपासलं. शिसं चौपट आहे. हंड्यात पंजे भरून जातात, मग तुमच्या अंगातलं शिसं तसंच राहतं. तुमचे हात कापतात, ते वयाने नाही. तुमचं नाक तुमच्या डोक्याच्या जिवावर शाबूत आहे.”

“मग बकुळला कुठलं पाणी देऊ?”

डॉक्टर रक्ततपासणीच्या कागदाची घडी घालू लागल्या.

“सांगा ना. तुम्ही शिकलेल्या.”

“पिंपातलं,” त्या शेवटी म्हणाल्या. “निर्विष बंद केलं तर सगळ्या गावाची मुलं माझ्या भावासारखी होतील.”

“बंद करा कोण म्हणतंय?” मथुराबाई उसळल्या. “सांगायचं होतं! नाक द्या नि डोकं घ्या, असं तोंडावर सांगायचं. आम्ही दिलं असतं. पोरांसाठी आई काय देत नाही? पण चोरून घेतलंत. आणि वर म्हणता, वास येत होता, दुर्लक्ष केलं. घराघरात गळती ओळखणारं यंत्र लावायचं. मुठीएवढं असतं म्हणे.”

“लावायचं म्हटलं तर का लावताय, ते सांगावं लागतं,” डॉक्टर हळू म्हणाल्या.

दुसरी सुनावणी दुपारी, नगर परिषदेच्या सभागृहात. गाव लोटलं होतं. मंचावर तुम्ही तिघे, निर्विषचंच पाणी पिणारे, मागच्या पॅसेजमध्ये चहाची शेगडी. डॉ. तडवी फाइल घेऊन उभ्या राहिल्या. अध्यक्ष म्हणाले, “तांत्रिक मुद्दे लेखी द्या. रक्ततपासणीत तांबे सामान्य आहे. नाकांवर संशय घ्यायचं कारण नाही. गावाची नाकं उत्तम आहेत.”

डॉक्टर खाली बसल्या. मथुराबाई उठल्या. काठी टेकत मंचापर्यंत गेल्या. मधेच थांबल्या, नाक वर केलं आणि किंचाळल्या,

“गॅस! अगं बाई, गॅस येतोय! काडी लावू नका कोणी!”

सभागृहातल्या माणसांनी हुंगलं. इकडे तिकडे पाहिलं. “काही नाही गं,” एक म्हणाली. “काय येत नाही,” दुसरा म्हणाला. कोणी उठलं नाही. आपल्या नाकावर माणसाचा विश्वास असतो, चंद्रकलेचा होता तसा.

मंचावरचे तिघे पळाले.

अध्यक्षांची खुर्ची उलटली. एकाची चप्पल मंचावर राहिली. बाजूच्या दारातून तिघेही बाहेर, थेट गाडीपर्यंत. डॉ. तडवी जागच्या हलल्या नाहीत. त्यांना नाक होतं, आणि वास नव्हता.

मथुराबाई ती चप्पल काठीच्या टोकावर घेऊन दारात आल्या. “या साहेब, आत या. गॅस नाही. मी खोटं बोलले. गावाची नाकं उत्तम आहेत ना? मग तुमचं नाक काय म्हणालं? काही येत नाही, असंच म्हणालं ना? मग पळालात का? माझी सून पळाली नाही, चंद्रकला पळाली नाही, नूरी पळाली नाही. हे सगळं गाव आत बसलंय. आपल्याला नाक नाही हे ज्यांना माहीत होतं, तेवढेच पळाले.”

सुनावणी तहकूब झाली. अकरा आठवडे झाले, अजून तहकूबच आहे. इंदूवरचा गुन्हा तसाच. यंत्रं आली नाहीत.

मग गावाने आपली सोय केली. डॉक्टर तडवींनी विरोध केला, रडल्याही, पण बायकांनी ऐकलं नाही. प्रत्येक गल्लीत एक म्हातारी ठरली, जिची पोरं मोठी झाली आहेत अशी. तिने टेम्पोपासून वाचलेल्या हंड्यातलंच पाणी प्यायचं, शिसं अंगात ठेवायचं, नाक राखायचं. सकाळ-संध्याकाळ चुली पेटायच्या आधी ती घरोघर फिरते, दारात उभी राहून श्वास घेते आणि म्हणते, “पेटव.” मग बाई काडी ओढते. गाव त्यांना नाकवाल्या म्हणतं. तेरा आहेत. शाळेच्या नव्या स्वयंपाकघरापाशी मथुराबाई बसतात.

गेल्या सोमवारी मथुराबाई शाळेची वाट चुकल्या. काल, जामिनावर घरी आलेल्या सुनेच्या हातांना मलम लावताना त्यांनी तिला विचारलं, “बाई, तू कोणाची गं?” मग आठवलं, मग रडल्या. रश्शाचा वास घेऊन बरोबर सांगितलं: हिंग जास्त झालाय. सुनेचं नाव मात्र आठवलं नव्हतं.

एक नाकवाली जे करते ते मुठीएवढं यंत्र करेल. पण यंत्र लावणं म्हणजे कबुली, आणि कबुलीपेक्षा तेरा म्हाताऱ्यांचं डोकं तुम्हाला स्वस्त पडतंय.

तुमचं पत्रक तुमच्यासमोर ठेवलंय. तांब्याने निर्विषची शक्ती कमी होते, हे तुम्हीच छापलंत. तांबं पंजात शिरल्याशिवाय शक्ती कमी होत नाही. म्हणजे पंजा तांबं धरतो हे पत्रक काढताना तुम्हाला माहीत होतं, स्फोटाच्या चार वर्षं आधी. कोणत्या तारखेला कळलं? कोणी सांगितलं? आणि ते लपवून हंडे गोळा करायचं कोणी ठरवलं?

नाव सांगा, तारीख सांगा. मथुराबाई दारात उभ्या आहेत. आपण काय विचारलं होतं, हे त्यांना आठवतंय तोवर उत्तर द्या.